राहिलेली फायनल

गेल्या वर्षी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माझे दाजी वैजनाथ गाडेकर एकदाही मांडी घालून जेवले नाहीत. ताट हातात आणि फेऱ्या ओट्यापासून गोठ्यापर्यंत. भाकरीचा तुकडा मोडायचा, चार पावलं चालायचं, मग तो तोंडात घालायचा. ताई सुरुवातीला म्हणायची, "बसा की हो." नंतर तिनं म्हणणं सोडून दिलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, रुपालीताईचा नवरा. वय चव्वेचाळीस, उंची सहा फूट दोन इंच, वजन शंभराच्या वर. राहात्यापासून चार किलोमीटरवर त्यांची तीन एकर पेरूची बाग आहे, पण गावात त्यांना बागाईतदार कोणी म्हणत नाही. बॉक्सर म्हणतात. जुनी माणसं 'बाक्सर' म्हणतात.

आमच्याकडे दांडगा पोरगा निघाला की त्याला तालमीत घालतात. दाजींनाही घातलं होतं. तिथल्या भीमा वस्तादांनी दोन वर्षं पाहिलं आणि निकाल दिला, की हा पोरगा पकडीत यायच्या आधीच चिडून ढकलतो, कुस्तीत ह्याचं काही खरं नाही. मग ते सैन्यात भरती झाले. तिथे बॉक्सिंग शिकवणाऱ्या कल्याण सुभेदारांनी त्यांचे हात पाहिले आणि म्हणाले, "हे हात कुणाला धरून ठेवायला झालेले नाहीत. चल."

हेवीवेटला, म्हणजे जड वजनाच्या गटाला, आपल्याकडे माणसंच मिळत नाहीत. दाजी स्वतःच हसून सांगतात, की कित्येक स्पर्धांत तीनच नावं असायची, एक आजारी पडला की उरलेल्यांची पदकं ठरलेली. पण जे दोन उरायचे ते नव्वद-शंभर किलोचे असायचे. त्यांचा ठोसा लागला की दोन दिवस जेवताना जबडा वाजायचा. अशी दहा वर्षं काढून दाजी २०१२ साली सेनादलांच्या स्पर्धेत फायनलला पोचले. आणि फायनल खेळलेच नाहीत.

त्याच्या महिनाभर आधी सुट्टीवर आले असताना त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर सावली यायला लागली होती. कोणी बाजूनं पदर ओढतंय तशी. हे त्यांनी फक्त ताईला सांगितलं आणि बजावलं, कोणाला कळता कामा नये. डोळे तपासायचा तक्ता त्यांनी वरून खाली, खालून वर पाठ केला होता. तरी फायनलच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. डोळ्याचा पडदा सुटत आला होता. तातडीनं ऑपरेशन झालं, डोळा वाचला, डाव्या कडेचं दिसणं मात्र गेलं. तीन वर्षांनी ते पेन्शन घेऊन घरी आले. त्या फायनलबद्दल त्यांना कोणी विचारलं की ते विषय बदलत नसत, उठून जात.

भाद्रपदात त्यांना पुण्याहून फोन आला. धवल नावाचा एक तरुण तिथे व्यावसायिक बॉक्सिंगचे सामने भरवत होता. त्याला हेवीवेटची एक लढत हवी होती, आणि पंजाबातल्या एकोणतीस वर्षांच्या बॉक्सरसमोर उभा करायला माणूस मिळत नव्हता. कुठल्यातरी जुन्या यादीत त्याला दाजींचं नाव सापडलं. चार फेऱ्या, डिसेंबरात, पुण्याला.

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या दुकानात आले. राहात्याला तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, पोलीसभरती, सगळ्यांचे फॉर्म मी भरतो. दाजींनी मोबाईल पुढे केला. "हा भरून दे."

नाव, जन्मतारीख, वजन, झालेल्या लढती भरून झाल्या. मग एक ओळ आली. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?

मी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या वेळी पुण्याच्या दवाखान्यात नऊ दिवस ताईबरोबर मीच होतो.

"न्हाई लिही," दाजी म्हणाले.

"दाजी, पण..."

"सुनील, मी तुला इचारलं का?"

मी 'नाही'वर क्लिक केलं. असं क्लिक मी दिवसातून शंभर वेळा करतो, पण तो फॉर्म मी पाठवायच्या आधी पुन्हा एकदा उघडून बघितला.

आठ दिवसांत बातमी सगळीकडे झाली. दाजींनी आंब्याच्या फांदीला वाळू आणि चिंध्या भरलेलं पोतं टांगलं. पहाटे पाचला त्या पोत्याचा धप्‌ धप्‌ आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जायचा. चहातली साखर बंद झाली, दिवसाला दहा अंडी सुरू झाली. फवारणी करता करता ते मध्येच पंप खाली ठेवायचे आणि पेरूच्या दोन ओळींमधून हवेत हात मारत जायचे. मजूर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चौकातल्या मंडळानं न विचारताच फ्लेक्स लावला. फोटो बारा वर्षांपूर्वीचा, खाली 'नगरचा वाघ पुन्हा मैदानात'.

पेरूच्या मार्केटसमोर चहाची टपरी आहे, तिथे रोज ह्यावर खल चालायचा. एक म्हणायचा, चव्वेचाळीस म्हणजे काय वय आहे, माणूस अजून पन्नास किलोचं पोतं एका हातानं टेम्पोत टाकतो. दुसरा म्हणायचा, पोतं उलटा ठोसा मारत नाही. एका पेरूच्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की हरला तरी टीव्हीवर तालुक्याचं नाव येईल. त्यावर कोणीतरी विचारलं, "नाव तालुक्याचं, आन् नाक कोनाचं?"

एकदा भीमा वस्ताद तिथे बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कान दोन्ही मुडपलेले. सगळ्यांनी त्यांना विचारलं. ते बराच वेळ बशीत फुंकत राहिले. मग म्हणाले, "पैलवान वयानं उतरला, की त्यानं आखाड्याची माती कपाळाला लावायला जावं. अंगाला लावायला न्हाई." दाजी तिथेच उभे होते. चहाचा ग्लास तसाच ठेवून निघून गेले.

घरात मात्र वेगळंच होतं. त्यांची आई, छबूबाई मावशी, लढतीच्या बाजूनं होत्या. मला वाटलं होतं त्या रडून घर डोक्यावर घेतील. उलट त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. बारा वर्सं बघत्येय मी. घरात असून घरात नसतोय तो. एकदा मारून न्हाई तर मार खाऊन तरी घरी येऊ दे."

भाचीचं, निकिताचं, संगमनेरला कॉलेज होतं. ती फोनवर म्हणायची, "मामा, पप्पा एवढे खूश कधी बघितलेत का?" मी म्हणायचो, खूश नाहीत गं ते, अस्वस्थ आहेत. तिला फरक पटायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही तो नीट सांगता यायचा नाही.

ताई मात्र ह्या बाजूनं बोलली नाही की त्या बाजूनं. तिनं अंडी उकडली, पोत्याची शिवण उसवली तर दाभणानं शिवून दिली. आणि फ्लेक्ससमोरून जाताना मान वर केली नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी मी जेवायला त्यांच्याकडे गेलो होतो. दाजी नेहमीसारखे ताट घेऊन फिरत होते. ताई भाकरी थापत होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, फॉर्म मी भरलाय. डोळ्याच्या ऑपरेशनचं 'नाही' लिहिलंय."

दाजी जागच्या जागी थांबले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

ताईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपलीत टाकली. गॅस बंद केला. हात पुसून ती आतल्या खोलीत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत ऑपरेशनचे कागद होते.

"मी उद्या नगरला कल्याण सरांकडं चाललेय," ती दाजींना म्हणाली. "हे कागद त्यांना दाखवणार हाय. ते सांगतील काय करायचं ते. तुमाला यायचं तर या."

दाजी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी परत."

"परत न्हाई," ताई म्हणाली. "तवा मी कोनालाच सांगितलं नव्हतं. आत्ता सांगनार हाय, आन् तुमाला सांगून चाललेय."

मावशी ओसरीवरून आत बघत होत्या. मला त्या बोलण्यातलं अर्धंच कळलं. दाजींनी ताट मोरीत ठेवलं आणि बागेकडे गेले. पोत्याचा आवाज मात्र त्या दुपारी आला नाही.

सोमवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. नगर-मनमाड रस्त्याचं काम चालू होतं, राहुरीपर्यंत गाडी मुंगीसारखी चालली. दाजी पुढच्या सीटवर गुडघे हलवत बसले होते. चारदा त्यांनी काच खाली-वर केली. ताई मागे, पिशवी मांडीवर.

कल्याण सुभेदार निवृत्तीनंतर नगरलाच राहिले होते. भिंगारच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते बॉक्सिंगचे वर्ग घेतात. वय सत्तरीचं, कंबर ताठ, मिश्या पांढऱ्या. त्यांनी कागद चष्मा लावून वाचले, घडी घालून ताईला परत दिले.

"ह्यात मला नवीन काही नाही," ते म्हणाले.

दाजी म्हणाले, "नवीन कसं असंल. तुमालाच तर फोन गेल्ता."

"कुणाचा फोन?"

दाजींनी ताईकडे पाहिलं नाही, पण मान तिच्या दिशेनं झुकली. तेव्हा मला कालचं बोलणं कळलं. त्यांचा सगळा हिशोब साधा होता. डोळ्याचं ताईशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तक्ता तर पाठ होता. मग डॉक्टरांना कळलं कसं?

कल्याण सर त्यांच्याकडे बघत राहिले. "वैजनाथ, तपासणीच्या वेळी मी दारात उभा होतो. तक्ता तू घडाघडा म्हटलास. मग डॉक्टरनं तुझ्या डाव्या बाजूला बोटं उभी केली आणि विचारलं, किती? तू मान वळवलीस. ते म्हणाले, मान सरळ. तू परत वळवलीस. तिसऱ्यांदाही. फोन कशाला लागतोय?"

"मी मान वळवली न्हाई."

"तुला कळतच नव्हतं तू वळवतोयस ते."

शेडमध्ये मागे कोणीतरी दोरीवर उड्या मारत होतं. दाजी उभ्या उभ्या पाय बदलत होते. मग म्हणाले, "सर, मला तीन फेऱ्या द्या. कोनाशीबी. एकदा हात बघा माझे, मग बोला."

कल्याण सर ताईकडे वळले. "डोक्याला हात लागू देणार नाही. फक्त अंगावर. चालेल?" ताईनं मान डोलावली.

त्यांनी गोरक्षनाथ नावाच्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या गड्याला बोलावलं. पारनेरचा, पोलीसभरतीची तयारी करणारा, दाजींपेक्षा बोटभर बुटका. सरांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी समजावलं. दोघांच्या डोक्याला जाड टोप्या बांधल्या. मी आणि ताई भिंतीला टेकून लाकडी बाकावर बसलो.

पहिली फेरी मी विसरणार नाही. शंभर किलोचा माणूस इतका हलका चालू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. गोरक्षनाथच्या बरगडीत दाजींचा उजवा हात असा बसला की तो दोन पावलं मागे गेला आणि हसला. दाजीही हसले. कित्येक महिन्यांत त्यांचे खांदे मी असे सैल पाहिले नव्हते. ताईनं माझं मनगट धरलं. मला वाटलं घाबरली. बघितलं तर तिचे डोळे चमकत होते. तिनंही त्यांना कधी खेळताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत दाजींचा श्वास ऐकू यायला लागला. आणि तेव्हा मला ते दिसलं. गोरक्षनाथचा उजवा हात दाजींच्या डाव्या गालाकडे यायचा, चार बोटांवर थांबायचा आणि परत जायचा. लागायचा नाही. दाजींची पापणीसुद्धा हलायची नाही. ते समोर बघून आपले ठोसे मारत होते. एकदा झालं, परत झालं. ताईच्या बोटांची माझ्या मनगटावरची पकड दर वेळी घट्ट व्हायची. ती मोजत होती.

तिसरी फेरी संपल्यावर दाजी दोरांना टेकले. छाती भात्यासारखी चालली होती, पण तोंडावर समाधान होतं.

कल्याण सरांनी विचारलं, "वैजनाथ, तुझ्या तोंडाशी किती वेळा हात आला?"

"एकदाबी न्हाई," दाजी म्हणाले. "येऊच दिला न्हाई मी."

गोरक्षनाथनं हातमोजे काढायला घेतले आणि खाली बघत म्हणाला, "काका, लई वेळा आला."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग आमच्याकडे.

"अकरा," ताई म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येत नाही. राग नव्हता. आपण आपल्याच घराच्या दारात उभे आहोत आणि किल्ली लागत नाही, तसं काहीतरी होतं. त्यांनी डावा हात सावकाश वर केला, स्वतःच्या कानापासून पुढे आणला आणि कुठे दिसायला लागतो ते पाहिलं. मग तसंच पुन्हा केलं. सर म्हणाले, "पाणी पी." त्यांनी ते ऐकलंही नसावं.

परत येताना राहुरीच्या पुढे दाजींनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला रसाचं गुऱ्हाळ होतं. मी तीन ग्लास सांगितले. ते दोघं बाकावर बसले आणि मी जरा लांब उभा राहिलो, पण ऐकू येत होतं.

"बारा वर्सं मला वाटत हुतं, तू सांगितलंस," दाजी म्हणाले.

"मला ठाव होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं असतं तर बोलले असते." ताईनं ग्लासातला बर्फ हलवला. "आन् खरं सांगू का, मनात यायचं, सांगायलाच पायजे होतं मी तवा. न सांगता गप बसले त्याचंच मला वाईट वाटायचं. डॉक्टरच्या ध्यानात आलं नसतं तर डोळा गेला असता तुमचा. आन् तुमी, मी सांगितलं म्हून, मनात धरून बसलावता."

दाजींनी ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "चुकलं माजं."

ताई म्हणाली, "रस प्या. बर्फ वितळला."

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातून त्यांनी धवलला फोन लावला. स्पीकर चालू होता. दाजींनी सरळ सांगितलं, की डावा डोळा अधू आहे, ऑपरेशन झालंय, फॉर्मात खोटं लिहिलं. "फारम माझ्या मेव्हण्यानं भरला, पन उत्तर माझं हुतं."

पलीकडून धवल म्हणाला, "सर, एवढं काही नाही. आमचे डॉक्टर फक्त बीपी-बिपी बघतात. ते मी सांभाळून घेतो. तिकिटं विकायला काढलीत हो आम्ही."

दाजी खुर्चीतून उठले, दुकानाच्या दारापर्यंत गेले, परत आले. मला खरंच वाटलं की हो म्हणतील. टेबलावरचा माझा स्टेपलर त्यांनी उचलला, दाबून बघितला, ठेवला.

"नको. नाव काढा माझं," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "लढायला मला आजबी आवडंल. पन नाव काढा."

फोन ठेवल्यावर ते अर्धा तास माझ्या दुकानात उभे होते. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. एका म्हातारीच्या रेशनकार्डाची झेरॉक्स त्यांनीच काढून दिली, ती वाकडी आली.

गावात अर्थातच बोलणं झालं. बायकोनं अडवलं, असं टपरीवर ठरलं. दाजींच्या कानावर गेल्यावर ते मुद्दाम तिथे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदाच म्हणाले, "बायकोनं न्हाई. मी काढलं नाव." डिसेंबरात त्या पंजाबी बॉक्सरसमोर कुठलातरी पैलवान उभा केला. तो पहिल्याच फेरीत पडला. दाजींनी ते मोबाईलवर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ह्याला पाय हलवायला शिकवलंच न्हाई कोनी."

कल्याण सरांनी शिकवायला बोलावलं होतं. दाजी दोन रविवार गेले आणि सोडून दिलं. म्हणाले, दुसऱ्याच्या ठोशांसमोर नुसता हात धरून उभं राहायला मला जमत नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टीचा शेवट गोड व्हावा, पण दाजी शांत झाले असं मी म्हणणार नाही. बागेत ते अजून एका जागी टिकत नाहीत. हे खरं, की आता ते ताईशी भांडतात. आधी भांडत नसत. मावशी म्हणतात, हे बरं झालं, घरात दोन मानसं हायती असं वाटायला लागलंय.

जानेवारीत निकितानं तिच्या कॉलेजच्या ग्रुपबरोबर आम्हाला सगळ्यांना अकोले तालुक्यात नेलं, कळसूबाईला. मी शिडीपाशीच थांबलो. ताई आणि दाजी वर गेले. तीन तासांनी उतरले तेव्हा दाजींचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. खाली बारी गावातल्या एका म्हाताऱ्याच्या झोपडीत आम्ही पिठलं-भाकरी खात होतो. दाजींनी त्याला विचारलं, "बाबा, ह्याच्यापेक्षा उंच कुटला हाय का हिकडं?"

"महाराष्ट्रात न्हाई," म्हातारा म्हणाला.

दाजींचं तोंड उतरलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, दाराबाहेर नजर टाकली आणि समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, "मंग त्यो कुटला?"